सही करू नको, मेस्त्री

नोकरीच्या पहिल्या दिवशी आबांनी मला काम दिलंच नाही. एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "सही कर."

मी केली.

"परत कर."

परत केली. अशा पाच झाल्या. मग त्यांनी कागद ओढून घेतला, शर्टाच्या खिशातलं भिंग काढलं आणि मासळीबाजारात बांगड्याचे डोळे तपासावेत तशा पाचही सह्या एकेक करून तपासल्या.

"पयल्या तीन घाईतल्यो," ते म्हणाले. "चवथी रागातली. पाचवी तुझी. तीच ठेव."

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. पुण्यात चार वर्षं ऑफिसात काढून नवऱ्याबरोबर मिठबावला सासरी आले होते. नवरा आंब्याच्या बागेत रमला. मला घरात बसवेना. देवगडच्या बाजाराच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्याशेजारी आबांचं पार्सलचं ऑफिस होतं. एका मोठ्या कुरियर कंपनीची एजन्सी. मालक, मॅनेजर, कारकून सगळं आबाच. त्यांना स्कूटीवरून पार्सलं पोचवणारं माणूस हवं होतं आणि मला घराबाहेर पडायचं होतं, इतकी ती साधी गोष्ट. सहीची परीक्षा तेवढी जाहिरातीत लिहिलेली नव्हती.

गावात त्यांना सहीआबा म्हणायचे. त्यांच्या खिशाला कायम दोन पेनं असत. निळं पाठवणाऱ्यासाठी, काळं घेणाऱ्यासाठी. निळ्या पेनाने कोणी घेणाऱ्याच्या रकान्यात सही केली तर आबा दिवसभर अस्वस्थ असायचे. एवढ्या वर्षांत कंपनीने मशीनं दिली, काचेवर बोटाने सही करायची सोय केली, पण आबांनी मशीन वापरून झालं की रजिस्टर पुढे ठेवायचंच. "काचेवर माशी पण फिरता," असं त्यांचं त्यावर मत होतं.

त्यांची बायको, आमच्या काकी, फार हजरजबाबी बाई. मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आमच्या लग्नात मंगलाष्टकां संपली, हार घातले, आणि मी बघतंय तर ह्यांचो हात खिशात. माका वाटला, काय दागिनो काढतत. काढल्यानी पेन!"

आबा शेजारीच होते. हसले नाहीत. "पुरोहितान वहीत सही घेवक नाय हुती," म्हणाले. "मिया घेतलंय. आज कोण नाय म्हणू शकता?"

आबांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं आणि ते वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकायला मिळे. "किंमत देणाऱ्यान सांगायची, सही घेणाऱ्यान करायची. मधल्यान नीट न्हेवचा, बस."

आता, पार्सलच्या फॉर्मवर जाहीर किंमत असा एक रकाना असतो. आतली वस्तू कितीची आहे ते पाठवणाऱ्याने सांगायचं. किंमत जास्त सांगितली की शुल्क थोडं वाढतं, पण वस्तू गहाळ झाली तर कंपनीला तेवढ्या रकमेला उत्तर द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी तिथे काहीतरी खरडतात आणि पुढे जातात. आबांकडे तो रकाना भरायला कधीकधी अर्धा तास लागायचा.

एकदा एक बाई मुलीला पुण्याला सुकट पाठवायला आली.

"कितीची लिवू?" आबा.

"काय नाय ओ, सुकट ती. शंभर घाला."

आबांनी पेन खाली ठेवलं. "सुकवल्यान कोणी?"

"मियाच. दुसरा कोण?"

"किती दिवस?"

"चार."

"कावळे कोणी हाकलल्यान?"

बाईला हसू आलं. "मियाच बसललंय काठी घेवन."

"पाऊस इललो?"

"इलो मा! तिसऱ्या दिवशी. जेवणावरसून उठान धावलंय, सगळी भरून घरात हाडलंय."

"आणि ह्या सगळा शंभरात?"

बाई विचारात पडली. शेवटी सहाशे ठरले. जाताना ती आली होती त्यापेक्षा ताठ चालत गेली, हे मी स्वतः पाहिलंय. पुढच्या महिन्यात कंपनीचे एक साहेब तपासणीला आले. फॉर्म चाळताना थबकले. "सुकटीचे सहाशे? बाजारभाव तपासलात का?"

आबा अशा वेळी शुद्ध मराठीत जात. पाठ सरळ करून म्हणाले, "महोदय, बाजारभावात कावळे धरलेले नसतात."

साहेबांनी पुढचं पान उलटलं.

उलट प्रकारचीही माणसं येत. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या चालवणारा एकजण नवा महागडा मोबाइल बिघडला म्हणून कंपनीकडे पाठवायला आला. शुल्क वाचवायला किंमत सांगितली दोन हजार. आबांनी वाद घातला नाही. "बरां," म्हणाले, "मगे मी दोन हजाराची काळजी घेतंय." आणि ते पार्सल उचलून दारातल्या पायरीवर, लोकांच्या चपलांशेजारी नेऊन ठेवलं. परत येऊन खुर्चीत बसले आणि पेपर वाचायला लागले. तो माणूस एकदा पायरीकडे बघे, एकदा आबांकडे. दोन मिनिटांनी त्याने स्वतःच पार्सल आत आणलं आणि खरी किंमत घातली.

सहीच्या बाबतीत ते याहून कडक होते. पार्सलावर ज्याचं नाव त्याचीच सही. शेजारी नको, जाऊबाई नको, "तो माझो चुलतो आसा, मी घेतंय" अजिबात नको. या नियमापायी मी काय काय केलंय ते सांगायला गेले तर माझीच मला लाज वाटते. पण रापणीचं सांगतेच.

मिठबावच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. पाण्यात लांबवर टाकलेलं मोठं जाळं दोन्ही बाजूंनी दोर धरून वीस-पंचवीस माणसं किनाऱ्यावर ओढतात. त्या रांगेतल्या एकाच्या नावे भावाने मुंबईहून चष्मा पाठवला होता. मी वाळूत चपला काढून गेले आणि सही मागितली.

"थंय ठेव वाळूत," तो म्हणाला.

"सही हवी."

"हात सोडलंय तर जाळा मागे जायत."

मी म्हटलं, "मी धरते दोर."

हे बोलायला नको होतं. त्याने खरंच माझ्या हातात दोर दिला. ओल्या काथ्याचा तो दोर हाताला असा सोलत गेला की डोळ्यांत पाणी आलं. रांगेतली माणसं ओरडायला लागली, "ओढ गो वहिनी, ओढ!" आणि तो सद्गृहस्थ? त्याने निवांत हात पुसले, सही केली, खोका उघडला, चष्मा लावला आणि समुद्राकडे पाहत उभा राहिला. पहिल्यांदाच नीट दिसत असावा. मी सगळं बळ लावून दोर ओढत होते आणि तो म्हणत होता, "अरे, ती होडी मालवणची!"

जाळं वर आल्यावर त्यांनी मलाही वाटा दिला. आठ बांगडे. ऑफिसात येऊन हे सांगितलं तेव्हा माझे तळहात लाल झाले होते. आबांनी ते पाहिले, काकींकडून खोबरेल मागवलं आणि मग विचारलं, "वाटो घेतलंस, तर थंय तुझी सही घेतली काय नाय?"

असा माणूस. आता मेस्त्रींचं सांगते, कारण आबा म्हटलं की मला आधी तेच आठवतं.

मेस्त्री विजयदुर्गचे. लाकडी होड्या बांधणारे जुने कारागीर, पंचाहत्तरीचे. आता फायबरच्या होड्या आल्या. त्यांच्याकडे डागडुजीचं काम येई, तेही कधीमधी. पण त्यांची नात दीपाली हुशार निघाली. कोचीला जहाजं कशी बांधतात याचंच शिक्षण घेत होती. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिने आजोबांच्या होड्यांवर घेतला होता आणि त्यासाठी तिला आजोबांची वही हवी होती.

मेस्त्री ती वही शिडाच्या जुन्या कापडात शिवून घेऊन आले. वहीत दोन पिढ्यांची मापं होती. मेस्त्रींच्या वडिलांनी सुरू केलेली, मेस्त्रींनी पुढे चालवलेली. फोटो काढून पाठवायचा प्रयत्न झाला होता, पण जुनी पेन्सिल इतकी पुसट झाली होती की फोटोत नुसती पिवळी पानं येत. वही तिरकी धरून उन्हात बघितली तरच दिसायचं. दिवाळीपर्यंत थांबायला वेळ नव्हता आणि कोचीला जाणारं ओळखीचं कोणी नव्हतं.

"कितीची लिवू?" आबांनी विचारलं.

"वहीची? धा रुपये लिव. जुनी आसा. सगळी पानां भरलली."

"भरलली म्हणान धा?"

"कोरी आसती तर चाळीस."

मी हसले. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच टेप शोधायला लागले.

"मेस्त्री," आबा म्हणाले, "हरावली तर?"

"हरावतली कशी? तू आसस मा?"

"माझ्यानंतर सात हात आसत तिका. हरावली तर काय करशात?"

मेस्त्री काउंटरवरच्या त्या कापडाच्या गाठोड्यावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "माझा मी परत लिवीन. बापाशीचा लिवक येवचा नाय. तो काय आता सांगूक येवचो नाय."

"मगे?"

"एक होडी घाल," मेस्त्री म्हणाले. "बारकी. लाकूड धरून एक लाख."

आबांनी एक लाख लिहिलं. वर्णनाच्या रकान्यात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'हस्तलिखित वही, होडी बांधण्याची मापे, एकच प्रत.' आणि लाल शिक्का मारला, फक्त पत्त्यावरील व्यक्तीच्या सहीने देणे. शुल्क ऐकून मेस्त्री कुरकुरले, पण सही करून गेले.

आठव्या दिवशी कंपनीच्या मशीनवर दिसलं, पार्सल पोचलं. आबांनी खुशीत दीपालीला फोन लावला. आणि तिने सांगितलं, "आलं नाही आबा. हॉस्टेलात कोणाकडेच आलेलं नाही."

आबांनी कंपनीकडून घेणाऱ्याच्या सहीचा फोटो मागवला. दुसऱ्या दिवशी आला. इंग्रजीत तीन मोठी अक्षरं आणि खाली एक तिरकी रेघ. आबांनी जुनं रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वी दीपालीच्या प्रवेशाची कागदपत्रं आमच्याकडे आली होती, तेव्हा तिने इथे येऊन सही केली होती. देवनागरीत, पूर्ण नाव, शेवटच्या 'ली'ची वेलांटी टोपीसारखी. आबांनी भिंग एकदा रजिस्टरवर धरलं, एकदा मोबाइलवर.

"ही तिची नाय," ते म्हणाले. "ही सही कोणाचीच नाय. ही नुसती रेघ."

मग फोन सुरू झाले. रोज सकाळी चहा झाला की आबा शुद्ध मराठीत, नंतर मोडक्या हिंदीत, आणि मी इंग्रजीत. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: पोचलंय, सही आहे. आबा म्हणत, "महोदय, सही आहे, पण माणूस नाही." दहा रुपये लिहिले असते तर कंपनीने दिलगिरीचं पत्र पाठवून विषय मिटवला असता. एक लाखाचा कागद मात्र कोणाला मिटवता येईना. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत वर गेला आणि तीन आठवड्यांनी वरून पत्र आलं. कंपनी जाहीर किमतीएवढी पूर्ण भरपाई द्यायला तयार आहे. पाठवणाऱ्याने सोबतच्या कागदावर पंधरा दिवसांत सही करावी.

आबांनी मेस्त्रींना बोलावलं.

मेस्त्री आले ते घरातल्यांशी बोलूनच आले होते. "सगळे म्हणतत, घे," त्यांनी सांगितलं. "गेली ती गेली. कामाच्या मांगरावरची कौलां फुटली हत. लाकूड भिजता. ह्या पावसाआधी परत्याक व्हयी हुती, जमाक नाय."

आबांनी पत्र मोठ्याने वाचलं. मग खालची बारीक अक्षरं भिंग लावून पुन्हा वाचली. सही झाल्यावर शोध बंद होईल. वस्तू नंतर सापडल्यास ती कंपनीच्या मालकीची राहील.

"म्हणजे?" मेस्त्रींनी विचारलं.

"म्हणजे मिळाली तरी तुझी नाय."

मेस्त्रींनी मान हलवली. "मिळता खंय आता." त्यांनी निळं पेन उचललं आणि कागदावर वाकले.

आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या मागे लागून सह्या घेतल्या, त्याने मेस्त्रींच्या हाताखालून कागद ओढून घेतला.

"सही करू नको, मेस्त्री."

मेस्त्रींचा हात तसाच राहिला. मग ते भडकले. "तुझा काय जाता? कौलां माझी गळतत! तूच म्हणालंस किंमत घाल. घातलंय. आता ते देतत तर तू आडो?"

"वही खंय तरी आसा," आबा म्हणाले. "जळली म्हणान कोण सांगूक नाय, भिजली म्हणान सांगूक नाय. नुसती खोटी सही आसा. खोटी सही म्हणजे माणूस गेलोच नाय थंय. गेलो नाय म्हणजे वही दुसऱ्याक दिली पण नाय. ती आसा."

"आणि नसली तर?"

"आठ दिवस दी माका. नाय मिळाली तर नवव्या दिवशी मिया सोता तुझ्या घराक येतंय, पेन घेवन."

मेस्त्री उठून गेले. आबा त्या कागदाकडे बघत बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. आठ दिवसांत वही मिळाली नाही तर मेस्त्रींच्या कौलांचे पैसेही जाणार नाहीत ना, ही भीती त्यांनाही असणारच. पत्राची मुदत त्यांनी बोटांवर दोनदा मोजली.

घरी जाऊन त्यांनी काकींना सांगितलं की मी कोचीला जातो. रत्नागिरीच्या वर आणि गोव्याच्या खाली न गेलेला माणूस. काकींनी मला निरोप धाडला: "तू जा गो ह्यांच्यावांगडा, नायतर थंयच नोकरी धरतले."

कणकवलीला गाडीत बसलो. आबांनी मांडीवर रजिस्टर घेतलं होतं, कापडी पिशवीत. डब्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, पोथी आहे का? आबा हो म्हणाले.

गाडीत वेळ होता, म्हणून मी धीर करून विचारलं. बाजारात त्यांच्याबद्दल अनेक कथा होत्या. कोणी म्हणे, त्यांच्या नोकरीचं पत्र शेजाऱ्याने दाबून ठेवलं होतं. कोणी म्हणे, जमिनीच्या कागदावर कोणीतरी खोटी सही केली होती. मी म्हटलं, "आबा, तुमच्या आयुष्यात असं काय झालं की तुम्ही सह्यांच्या बाबतीत इतके..."

"काय झाला?" त्यांनी आश्चर्याने विचारलं. "काय नाय झाला. काय झाल्याशिवाय माणूस नीट काम करूक शकणा नाय काय?"

त्या उत्तराने मला थोडी लाजच वाटली.

कोचीला कंपनीचं गोदाम शहराबाहेर होतं. तिथला मॅनेजर सभ्य होता, पण कामात बुडालेला. आबांनी त्याच्या टेबलावर रजिस्टर उघडलं, शेजारी मोबाइलमधली सही ठेवली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. भाषेचा प्रश्नच आला नाही. मॅनेजरने दोन्ही पाहिल्या आणि त्या भागात पार्सलं वाटणाऱ्या माणसाला बोलावलं.

तिशी-पस्तिशीचा, उन्हाने काळवंडलेला माणूस होता. आधी म्हणाला, दिलं. आबांनी त्याच्यापुढे दीपालीची सही सरकवली आणि नुसतं बोट ठेवलं. मग तो मॅनेजरकडे न बघता माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला. ओणमची सुट्टी होती. हॉस्टेलचं ऑफिस बंद होतं, फाटकावर कोणी नव्हतं. त्या दिवशीची पार्सलं त्याच दिवशी संपवायचा वरून धोशा होता, म्हणून त्याने स्वतःच तिच्या नावाची तीन अक्षरं लिहिली, उद्या नेऊन देऊ म्हणून. रात्रीच्या गाडीने सणाला गावी गेला. परत आला तोवर गोदामात सगळी हलवाहलव झाली होती. पार्सल दिसेना. सांगायची हिंमत झाली नाही.

आम्ही शोधायला लागलो. रॅक, पोती, न पोचलेल्या पार्सलांची खोली. दुपार झाली. मी थकून एका खोक्यावर बसले. आबा मधोमध उभे राहून नुसते चारी बाजूला बघत होते. मग एकाएकी खाली वाकले.

पार्सलं वजन करायचा मोठा काटा एका टेबलावर होता. टेबलाचा एक पाय आखूड होता. त्या पायाखाली, काळं झालेलं, पण शिवण शाबूत असलेलं शिडाचं कापड.

आबांनी टेबल उचलायला सांगितलं. गाठोडं काढलं, धोतराच्या सोग्याने पुसावं तसं शर्टाच्या टोकाने पुसलं. शिवण चाचपली.

मॅनेजरने त्या वाटणाऱ्या माणसाकडे पाहिलं. त्याची नोकरी गेल्यातच जमा होती, हे त्यालाही कळलं होतं आणि आम्हालाही. आबांनी मला विचारलं, "ह्येका पोरां किती?"

मी विचारून सांगितलं, "दोन."

"मॅनेजरसायबाक सांग, पार्सल गहाळ नाय झाला. उशीर झालो. पोचवूचा बाकी आसा. आणि ता ह्येनाच पोचवूक व्हया."

मॅनेजरने आबांकडे, मग त्या माणसाकडे पाहिलं आणि थोड्या वेळाने मान डोलावली.

मग आम्ही तिघं त्याच्या गाडीतून हॉस्टेलवर गेलो. दीपाली धावत खाली आली. त्या माणसाने पार्सल दोन्ही हातांनी पुढे केलं आणि मलयाळममध्ये काहीतरी म्हणाला. आबांनी आपल्या खिशातलं काळं पेन त्याला दिलं, त्याने ते दीपालीला दिलं. तिने सही केली. त्या माणसाने ती पाहिली, आबांकडे पाहिलं, आणि आबांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला.

दीपालीने तिथेच पायरीवर बसून शिवण उसवली. वही तिरकी धरली. तिला सगळं वाचता येत होतं; पणजोबांचं अक्षरसुद्धा. भराभर पानं उलटत होती, स्वतःशीच आकडे म्हणत होती. मग थांबली. मागे गेली, पुढे आली.

"आबा, प्रत्येक होडीच्या पानावर एक जागा कोरी आहे. पुढच्या टोकाचा बाक. कण्याची लांबी आहे, रुंदी आहे, फळ्या आहेत, पण पुढे लाकूड किती वळवायचं ते कुठेच नाही. नुसतं एक टिंब आहे. पणजोबांच्या पानांवर आणि आजोबांच्याही."

आबांनी भिंग लावून पाहिलं. टिंबच होतं.

परत आलो तेव्हा मेस्त्री देवगडच्या एसटी स्टँडवर येऊन बसले होते. आम्ही उतरलो तरी उठले नाहीत.

"मिळाली," आबा म्हणाले.

मेस्त्रींनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग विचारलं, "वाचूक येता तिका?"

"सगळा येता. एका जागी अडली."

"खंय?"

"पुढल्या बाकार. थंय नुसता टिंब आसा म्हणाली."

मेस्त्री हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. "ता लिवचा नसता," म्हणाले. "बापाशीन माका पण लिवन नाय दिल्यान. ता लाकडार हात ठेवन दाखवचा लागता. प्रत्येक लाकडाचा येगळा." मग म्हणाले, "ती इतक्यात अडली काय? माका वाटला, तिका गरज लागाची नाय. शिकलली ती."

स्टँडवर एक गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली.

"कोचीची गाडी किती वाजता आसता?" मेस्त्रींनी विचारलं.

पुढच्या मंगळवारी आबाच त्यांना कणकवलीला गाडीत बसवून आले. कौलं तशीच फुटकी होती. त्यांचं काय ते पुढच्या पावसाआधी बघू, असं मेस्त्री म्हणाले.

शुक्रवारी सकाळी काउंटरवर चार-पाच गिऱ्हाइकं असताना दीपालीचा फोन आला. तिचा आवाज धापा टाकल्यासारखा येत होता. आबांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि बोट ओठांवर ठेवलं. गिऱ्हाइकं गप्प झाली.

दीपाली सांगत होती. आजोबांनी हॉस्टेलच्या आवारातल्या फरशीवर खडूने अख्खी होडी काढली आहे, खऱ्या मापाची. वॉर्डनबाई ओरडत आल्या होत्या, आता त्याच खडू आणून देतायत. वर्गातल्या मुली आहेत, दोन सरही आहेत. कॉलेजच्या सुतारशाळेतून एक फळी आणली, ओली केली, आणि आजोबा तिच्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगतायत.

मागून मेस्त्रींचा आवाज येत होता. कोणाला तरी मालवणीतच दटावत होते, जणू समोरचा विजयदुर्गचाच असावा.

"आता तुझो हात ठेव. डोळे मिट. हळू... हळू. लाकूड सांगता खंय थांबाचा ता. ऐकू येता मा?"

आणि एका मुलीचा, अनोळखी भाषेतला, पण अगदी स्पष्ट होकार.